नागपुरात जैवविविधता शिकायची तर: वाघापर्यंत पोचण्याआधी

बारावीचा निकाल लागला की "मला वाइल्डलाइफमध्येच जायचंय" म्हणणारी मुलं-मुली भेटायला लागतात. बहुतेकांच्या मोबाइलवर ताडोब्याच्या वाघाचा फोटो असतो. हौस असणं चांगलंच. पण विद्यापीठात हा विषय घेतल्यावर हातात पडतं ते गवत, लेंड्या, आकड्यांचे तक्ते, परवानगीचे अर्ज आणि गावकऱ्यांशी तासन् तास बोलणं. हे सगळं आवडत असेल तर नागपूरइतकं सोयीचं शहर महाराष्ट्रात दुसरं नाही. आवडत नसेल तर सफारीला जावं, त्यात कमीपणा काही नाही.

सोयीचं म्हणजे किती ते बघा. उत्तरेला पेंच, पूर्वेला नवेगाव-नागझिरा, दक्षिणेला ताडोबा-अंधारी, वर्ध्याकडे बोर. राज्यातल्या सहा व्याघ्र प्रकल्पांपैकी चार इथून सकाळी निघून दुपारच्या आत गाठता येतात. राज्याच्या वनखात्याचं मुख्यालय, म्हणजे वनभवन, सिव्हिल लाइन्समध्ये आहे. 2012 साली स्थापन झालेलं राज्य जैवविविधता मंडळही नागपुरातच आहे. वर्धा रोडला नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था, अमरावती रोडला मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था, गोरेवाड्याला माफसूचं, म्हणजे राज्याच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं, वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र. आणखी एक गोष्ट नकाशात पटकन दिसत नाही. दख्खनचा काळा बेसाल्ट नागपूरजवळ संपतो आणि पूर्वेला जुना ग्नाइस खडक सुरू होतो. म्हणून पश्चिमेला कापूस-संत्र्याची काळी माती, तर पूर्वेला भंडारा-गोंदियाची धानाची खाचरं आणि तलाव. एकाच दिवसात दोन वेगळी निसर्गचित्रं पाहायला मिळतात, त्यामुळे तुलनेचा अभ्यास करणाऱ्याला इथे आयता विषय आहे.

आधी पदवी: नावापेक्षा विषयांची जोडी बघा

"बीएस्सी इन वाइल्डलाइफ" शोधत बसू नका. प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घेऊन साधी बीएस्सी करा. हिस्लॉप कॉलेज 1883 पासून आहे, विज्ञान संस्था 1906 पासून. याशिवाय राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न अनेक महाविद्यालयांत हे विषय आहेत. प्रवेश घेण्याआधी तिथल्या सीनियरला एवढंच विचारा: सहली खरंच निघतात का, आणि हर्बेरियमचं, म्हणजे वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांचं, कपाट कुलूप लावून ठेवलेलं असतं की मुलांना उघडून देतात? इमारतीपेक्षा या दोन उत्तरांवरून जास्त कळतं.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषयासोबत दुय्यम विषय घ्यावा लागतो. तिथे संख्याशास्त्र घ्या. ते नसेल तर भूगोल. "गणित नको म्हणून बायो घेतलं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. परिसंस्थेचा अभ्यास गणिताशिवाय होत नाही, हे पहिल्याच वर्षी कळलेलं बरं.

दुसरी सावधगिरी स्पर्धा परीक्षेची. भारतीय वन सेवेच्या परीक्षेला वाटेल ती पदवी चालत नाही. पदवीला प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायन, भूगर्भशास्त्र, गणित, भौतिक, संख्याशास्त्र, पशुवैद्यक यांपैकी निदान एक विषय लागतो, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. या यादीत पर्यावरणशास्त्राचं नाव नाही. त्यामुळे पदवीला नुसतं पर्यावरणशास्त्र घेणाऱ्यांनी आधीच नीट तपासून घ्यावं. नंतर धावपळ करून उपयोग होत नाही.

जखमी बिबट्यावर उपचार करायचे असतील तर तो रस्ता वेगळा: नीट देऊन पशुवैद्यकीय पदवी, तीही नागपुरातच मिळते. वनशास्त्राची पदवी करायची असेल तर अकोल्याचं कृषी विद्यापीठ आहे.

पहिलं वर्ष: झाडं, मग गवत, मग बाकी सगळं

सुरुवात पक्ष्यांपासून करावी असं बहुतेक जण सांगतात. माझं मत वेगळं. झाडं पळत नाहीत, म्हणून आधी झाडं. साग, ऐन, धावडा, बिजा, तेंदू, मोह, लेंडिया, सालई, कुसुम, पळस. ही दहा झाडं पानांशिवायही ओळखता यायला हवीत, कारण मार्च ते मे पानगळीच्या जंगलात पानं नसतातच. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली असते, तर धावड्याची गुळगुळीत आणि पांढुरकी. एकदा हात फिरवलात की परत विसरत नाही. त्यासाठी पेंचला जायची गरज नाही. सेमिनरी हिल्स, अंबाझरीचं जैवविविधता उद्यान, गोरेवाडा आणि कॉलेजचं स्वतःचं आवार वर्षभर पुरतं. एकाच जागी दर पंधरा दिवसांनी जा आणि कोणतं झाड कधी फुललं, कधी गळलं, कधी फळलं ते लिहून ठेवा. दोन वर्षांची अशी वही तयार झाली की तोच एक छोटा अभ्यास होतो.

गवताकडे मात्र कोणी बघत नाही. ताडोब्यातून जामणी, नवेगाव अशी गावं बाहेर वसवली गेली. त्यांच्या शेतांच्या जागी आज कुरणं आहेत आणि चितळ-गवे तिथेच चरतात. पण अशा कुरणात तरोटा, रानतुळस आणि घाणेरी घुसली की खाण्यालायक गवत दबून जातं. कोणती गवतं चितळ आवडीने खातात, कोणती कोवळी असेपर्यंतच चालतात आणि कुसळ आल्यावर टाळली जातात, हे सांगू शकणारा माणूस वनखात्याला कायम हवा असतो. वाघांची नावं पाठ असणारे शंभर मिळतील. गवतं ओळखणारा एखादाच मिळतो.

पक्ष्यांसाठी हिवाळ्यात सकाळी गोरेवाडा किंवा शहराबाहेरचा कुठलाही तलाव गाठा. तलवार बदक, थापट्या असे पाहुणे दिसतात. पिंपळ-उंबर फळला असेल तर वर बघा, राज्यपक्षी हरियाल शहरातही सहज सापडतो. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची घ्या. महाग कॅमेरा इतक्यात घेऊ नका, फोटो काढायच्या नादात वर्तन बघायचं राहून जातं. नोंदीसाठी ई-बर्ड आणि आय-नॅचरलिस्ट ही अॅप वापरा, पण मूळ नोंद वहीतच हवी, आणि ती पेन्सिलने. जेल पेनची शाई पावसात वाहून जाते.

मोजायला शिका

विषयाचा गाभा इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

1985 मध्ये अमेरिकन जीवशास्त्रज्ञ मायकेल सोले यांनी संवर्धन जीवशास्त्राची मांडणी करताना म्हटलं की हे आणीबाणीचं शास्त्र आहे. पूर्ण माहिती हाती यायच्या आधीच निर्णय घ्यावा लागतो. त्यामुळे जी अपुरी माहिती आहे ती किती अपुरी आहे, हे तरी ठाऊक हवं. मोजणीचं सगळं शास्त्र त्यासाठी आहे.

घरीच एक प्रयोग करा. डब्यात तुरीचे भरपूर दाणे घ्या, मोजू नका. त्यातले 60 काढून त्यांवर मार्करने खूण करा आणि परत टाकून डबा चांगला हलवा. आता डोळे मिटून 50 दाणे काढा. त्यात खुणेचे 6 निघाले, तर डब्यात अंदाजे 60 गुणिले 50 भागिले 6, म्हणजे 500 दाणे आहेत. वाघांची मोजणी मुळात याच तत्त्वावर चालते. फक्त खूण करावी लागत नाही, कारण प्रत्येकाचे पट्टे वेगळे असतात. डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टेही सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावतात.

आता डबा नीट न हलवता तोच प्रयोग करा. खुणेचे दाणे तळाशी राहिले, तर वरून काढलेल्या 50 मध्ये दोनच निघतील आणि उत्तर 1500 येईल. फ्लॅशला बिचकून एखादा वाघ कॅमेऱ्याची वाट टाळू लागला तर नेमकं हेच होतं: पुन्हा सापडणारे कमी, म्हणून अंदाज फुगलेला. अशा चुका धरून गणित कसं दुरुस्त करायचं, हे एमएस्सीला शिकाल. पण शंका घ्यायची सवय आत्तापासून लागायला हवी.

पूर्वी वाघ ठशांवरून मोजत. 2005 साली राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं आणि त्या पद्धतीवरचा विश्वास गेला. 2006 पासून दर चार वर्षांनी कॅमेऱ्यांवर आधारित देशव्यापी अंदाज निघतो. 2006 मध्ये देशात 1411, 2018 मध्ये 2967, 2022 मध्ये 3682. महाराष्ट्रात 2018 ला 312 आणि 2022 ला 444. हे आकडे वर्तमानपत्रात एकटे छापले जातात, पण मूळ अहवालात सोबत किमान-कमाल मर्यादाही असते. तुम्ही अहवाल वाचाल तेव्हा आधी ती मर्यादा शोधा.

चितळ-सांबरांना ओळखू येईल अशी खूण नसते. त्यांच्यासाठी सरळ रेषेवर चालतात. समजा दोन किलोमीटरची रेषा आहे. चालताना डावीकडे, रेषेशी 30 अंशांच्या कोनात, 40 मीटरवर चितळांचा कळप दिसला. तुम्हाला हवं आहे ते रेषेपासूनचं लंब अंतर, म्हणजे 40 गुणिले साइन 30, बरोबर 20 मीटर. अशी शेकडो अंतरं जमली की कळतं, किती अंतरापलीकडचे प्राणी नजरेतून सुटतात. त्यावरून घनता निघते. इथे नवखी मुलं ठरावीक दोन चुका करतात. कळप पळून जिथे थांबला तिथलं अंतर घेतात, तर घ्यायचं असतं पहिल्यांदा दिसला तिथलं. आणि सोपं पडतं म्हणून जिप्सीच्या रस्त्यावरूनच रेषा टाकतात. रस्त्याच्या कडेला काही प्राणी जास्त येतात, काही टाळतात. मग ती रेषा जंगलाची राहत नाही, रस्त्याची होते.

मे महिन्यात सागाची पानं गेलेली असतात आणि लांबचं दिसतं. सप्टेंबरात दहा मीटरवरचं सांबरही दिसत नाही. म्हणून "उन्हाळ्यात चितळ वाढली" असं कुणी म्हणालं की विचारावं: वाढली, की दिसू लागली?

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजायचा कार्यक्रम विदर्भात लोकप्रिय आहे. संधी मिळाली तर जरूर बसा, अनुभव सुंदर असतो. पण एका रात्रीत एका पाणवठ्यावर किती आले यावरून जंगलात किती आहेत ते काढता येत नाही. तेच अस्वल दोनदा आलं की दोन अस्वलं, हे तुमचं तुम्हालाच कळणार नाही. प्रबंधात तो आकडा लिहू नका.

यासाठी लागणारी संगणकावरची साधनं फुकट आहेत: आकडेमोडीला आर (R), नकाशांना क्यूजीआयएस (QGIS). दोन्ही पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत हाताखाली आली पाहिजेत. क्लास लावायची गरज नाही. स्वतःच्या तलावावरच्या पक्ष्यांची वही घेऊन बसा आणि आलेख काढा.

परवानगी: आधी कागद, मग जंगल

अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात अभ्यासासाठी जायचं तर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 28 खाली परवानगी लागते. प्राणी पकडायचा, माग काढायला रेडिओ कॉलर लावायची किंवा नमुना घ्यायचा असेल तर कलम 12. अभयारण्यातलं रोपटं हर्बेरियमसाठी उपटणंसुद्धा परवानगीशिवाय चालत नाही. ड्रोनचं तर नावच काढू नका. अर्ज तुमच्या नावाने नाही, विभागप्रमुखांच्या सहीने जातो. त्यात विषय, पद्धत, जंगलाचे नेमके कंपार्टमेंट (वनखात्याने पाडलेले क्रमांकाचे तुकडे), कालावधी, सोबत किती माणसं आणि रात्री राहणार की नाही, हे स्पष्ट लिहा. "जैवविविधतेचा अभ्यास करणे" एवढ्याच उद्देशावर फाइल पुढे सरकत नाही.

वेळेचं गणित मात्र सांभाळा. परवानगीला महिने लागू शकतात आणि तुमचं सेमिस्टर मात्र थांबत नाही. म्हणून एमएस्सीचा प्रबंध शक्यतो संरक्षित क्षेत्राबाहेर करा. शेत, तलाव, शहराचे नाले, गावाचं सामूहिक जंगल, विद्यापीठाचं आवार. जिथे प्रादेशिक वनविभागाचं राखीव जंगल येतं तिथेही उपवनसंरक्षकांना पत्र द्यावं लागतंच, पण काम तुलनेने हलकं असतं.

रेंज ऑफिसला गेल्यावर साहेबांइतकाच वेळ नाकेदार (वनरक्षक) आणि वनमजुरांना द्या. कुठल्या नाल्यात एप्रिलपर्यंत पाणी टिकतं, कुठे अस्वलाची ये-जा आहे, हे त्यांना पायाखालचं असतं. जंगलात पायी एकटं जायचं नाही, कितीही ओळखीची वाट असो. विदर्भात पायी फिरणाऱ्याला वाघापेक्षा अस्वलाची भीती जास्त बाळगावी लागते, विशेषतः मोह गळायच्या दिवसांत पहाटे. ते मोहाखाली खाण्यात गुंग असतं आणि अचानक समोर माणूस दिसला की पळण्याऐवजी अंगावर येतं. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत काम आटोपा. नागपूरचा मे पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, तिथे हिमतीचा उपयोग नाही, पाण्याचा आणि दुपट्ट्याचा आहे.

गावात जायचं कसं

चंद्रपूर जिल्ह्यातला ब्रह्मपुरी वनविभाग हा व्याघ्र प्रकल्प नाही, तरी तिथे भरपूर वाघ आहेत आणि माणसांवरचे हल्लेही होतात. 2019 मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला कॉलर लावलेला एक तरुण नर वाघ तेराशेहून जास्त किलोमीटर चालून ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्यातला बराच रस्ता कपाशी-सोयाबीनच्या शेतांमधून होता. म्हणजे संवर्धनाचा निम्मा अभ्यास शेतातच आहे. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर एका रात्रीत उभं पीक झोपवतात, मग कुणी कुंपणात करंट सोडतो आणि त्यात वाघही मरतो. या साखळीचा एकच दुवा बघणारा अभ्यास अर्धवट राहतो.

मार्च-एप्रिलमध्ये मोह, मग मेपर्यंत तेंदूपत्ता. बाया पहाटे मोह वेचायला वाकून बसतात आणि नेमकी तीच वेळ हल्ल्याची असते. अशा घरी प्रश्नावली घेऊन जाणार असाल तर हंगामात जाऊ नका, त्यांची रोजी बुडते. संध्याकाळी जा, आधी सरपंच किंवा ग्रामसभेच्या अध्यक्षांना भेटा, "दादा, बसू का थोडं?" म्हणून बसा, आणि पहिल्या भेटीत फॉर्म बाहेर काढू नका. नुकसानभरपाई मिळवून द्यायचं आश्वासन चुकूनही देऊ नका. लोक ते लक्षात ठेवतात आणि तुमच्यानंतर येणाऱ्याला त्याचा जाब विचारतात.

जैविक विविधता कायदा, 2002 नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. अनेक नोंदवह्या घाईत भरलेल्या असतात, एकाच गावाचा मजकूर दुसऱ्यात चिकटवलेलाही सापडतो. एखाद्या गावाची नोंदवही घेऊन ती प्रत्यक्ष झाडाझाडाशी पडताळणं हे पदवीच्या मुलांना झेपणारं आणि खरंच उपयोगी पडणारं काम आहे. वनहक्क कायदाही वाचा. गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा-लेखा हे सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक, 2009 सालचं. जंगल कोण राखतं याबद्दल शहरात बसून केलेली मतं तिथे एकदा जाऊन आल्यावर जरा सैल होतात.

प्रबंधाचा विषय

छोटा घ्या. "विदर्भातील सस्तन प्राण्यांचा अभ्यास" हा विषय नव्हे. भंडारा-गोंदियातले मालगुजारी तलाव घ्या, कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले. काहींत बेशरम हे बाहेरून आलेलं झुडूप माजलं आहे, काहींत लोकांनी पुन्हा देशी पाणवनस्पती लावल्या आहेत. दोन्ही प्रकारचे चार-चार तलाव, पाणपक्षी आणि वनस्पती, एक हिवाळा. झाला प्रबंध. किंवा रस्त्यावर मरणारे प्राणी: ठरलेला दहा किलोमीटरचा पट्टा, ठरलेली पहाट, उजाडायच्या आत, कारण नंतर कावळे-कुत्री पुरावा नेतात. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर प्राण्यांसाठी नऊ ठिकाणी उंचावलेले पूल आणि भुयारी मार्ग बांधले आणि वाघ त्याखालून जाताना कॅमेऱ्यांत आले. असे मार्ग नसलेल्या एखाद्या साध्या रस्त्याशी तुलना करणं कोणीतरी करायला हवंय. मुंग्या, कोळी, बेडूक हेही घ्या. त्यांना परवानगीची कटकट कमी आणि ओळखणारे मार्गदर्शक दुर्मिळ, म्हणून मार्गदर्शक आधी शोधा, प्राणी नंतर.

पुढे

एमएस्सीला इथे प्राणिशास्त्र घेतलंत तर विशेष विषय बहुधा मत्स्यशास्त्र, कीटकशास्त्र किंवा शरीरक्रियाशास्त्राकडे झुकलेले असतात. परिसंस्थेवर पेपर आहे का, ते अभ्यासक्रम उघडून बघा. थेट वन्यजीवशास्त्र करायचं असेल तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं एनसीबीएस, म्हणजे जीवशास्त्राचं राष्ट्रीय संशोधन केंद्र, ही दोन नावं. दोन्हीकडे जागा थोड्या असतात, प्रवेश परीक्षा आणि मुलाखत असते, आणि प्रवेश दर वर्षी निघेलच असं गृहीत धरू नये. तिथल्या मुलाखतीत मार्कांपेक्षा तुमच्या त्या पेन्सिलच्या वहीबद्दल जास्त विचारलं जातं. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेची एमएस्सी आहे.

पीएचडीसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट, लाइफ सायन्सेसमधून. जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि घरभाडे. गेट या प्रवेश परीक्षेतही इकॉलॉजी अँड इव्होल्यूशनचा स्वतंत्र पेपर आहे, तो कमी लोकांना माहीत असतो. वन सेवेची पूर्वपरीक्षा नागरी सेवेसोबत एकच होते. राज्यात एमपीएससीतून सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल ही पदं निघतात.

बाकीच्या नोकऱ्या बहुतेक कंत्राटी: प्रकल्प सहायक, व्याघ्र प्रकल्पातले जीवशास्त्रज्ञ, पर्यावरण परिणाम अहवाल बनवणाऱ्या कंपन्या. या शेवटच्या कामात पैसे बरे असतात आणि दबावही असतो. खाण कंपनीच्या अहवालात पुढे जी प्रजातींची यादी जाईल तिच्यावर तुमची सही असेल, म्हणून न पाहिलेल्या प्रजाती लिहू नका आणि पाहिलेल्या गाळू देऊ नका. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की पहिली तीन-चार वर्षं ठराविक पगाराची नाहीत. पदवीच्या शेवटच्या वर्षी कळण्यापेक्षा त्यांना हे बारावीनंतरच्या उन्हाळ्यात कळलेलं बरं. निदान फॉर्म भरताना सगळे एका पानावर असतील.